दिवेलागणीनंतर ज्याचं नाव घेत नाहीत

माझी आई सापाला साप म्हणायची, विंचवाला विंचू म्हणायची, आणि रागावली की सैतानाचंही नाव मोठ्यानं घ्यायची. पण दिवेलागण झाली की बिबट्या हा शब्द तिच्या तोंडून निघायचा नाही. ‘जनावर’ म्हणायची. फार झालं तर नुसतं ‘ते’. ‘ते काल कालव्याच्या पलीकडं दिसलं म्हनं.’ दादा, म्हणजे माझे वडील, यावरून तिला चिडवायचे. ते प्राथमिक शाळेत गुरुजी होते आणि वस्तीवरच्या छोट्या चर्चमधली रविवारची उपासनाही तेच चालवायचे, कारण पाळकसाहेब महिन्यातून एकदाच यायचे. ‘ख्रिस्ती माणसानं असलं काही मानू नये,’ ते म्हणायचे. आई भाकरी थापता थापता उत्तर द्यायची, ‘देवाला मानतेच की मी. पन देव काय उसात ऱ्हातो व्हय?’ यावर दादा शेंगदाण्याच्या चटणीवर तेल ओतून घ्यायचे आणि जेवायला लागायचे.

आमची वस्ती देवळाली प्रवऱ्याच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला होती. थोडी ख्रिस्ती घरं, मधोमध कौलारू चर्च, आणि घंटा म्हणून कडुलिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. तिन्ही बाजूंना सावळेराम तात्यांचा ऊस. तात्या आमच्यातले नव्हते, त्यांच्या घरी खंडोबा होता. पण कापणीच्या सणाला ते न चुकता यायचे. पीक निघालं की आमच्या चर्चमध्ये हा सण होतो. जो तो आपल्या घरचं पहिलं काहीतरी देवाला आणतो: बाजरीची कणसं, भोपळा, कोंबडी, अंडी, उसाची मोळी. प्रार्थना झाली की त्या सगळ्याचा लिलाव होतो आणि साध्या भोपळ्यासाठी लोक इरेला पेटतात. तात्या टोपी मांडीवर ठेवून दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचे, उपासना होईपर्यंत डुलक्या घ्यायचे, आणि लिलाव सुरू झाला की खडखडीत जागे व्हायचे.

त्या वर्षी आमच्या घरून शेळी जायची होती. मला टायफॉईड झाला होता तेव्हा आईनं ती देवाला बोलली होती. पांढरी, एका कानावर तांबूस डाग असलेली शेळी. देवाला दिलेलं जनावर ओळखू यावं म्हणून आईनं तिच्या गळ्यात पांढऱ्या कापडाची पट्टी शिवली होती आणि पट्टीवर लाल दोऱ्यानं क्रूस काढला होता. ती पट्टी गळ्यात असेपर्यंत शेळीचं दूधसुद्धा आई घरात वापरायची नाही, शेजारच्या लेकुरवाळ्या बाईला द्यायची. मी पंधरा वर्षांची होते आणि या शेळीमुळे मी जिवंत आहे असं मला खरोखर वाटायचं. अजूनही पांढरी शेळी दिसली की मी थांबते.

आत्याही आमच्याकडेच राहायची. दादांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, राहुरीच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची, रोज एसटीनं जायची-यायची. मी कविता करते हे घरात फक्त तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक असणं म्हणजे काही सुख नव्हतं. तिच्या पेन्सिलीपुढे माझं एक विशेषण टिकायचं नाही. वस्तीवर जनावराची कुजबुज सुरू झाली तेव्हा मी मोठ्या हौसेनं लिहिलं होतं:

डरकाळीने दुमदुमले रान,
पळे घेउनी जो तो प्राण!

आत्यानं ते वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ‘एस्ते, तू ऐकलीस ही डरकाळी?’

‘नाही.’

‘मग रान दुमदुमलं हे कोणी सांगितलं तुला? ज्याचं नाव घ्यायला तुझी आई दचकते, त्याला तू वाळवणासारखं उन्हात पसरून ठेवलंयस. याला कोण भिणार?’ मला राग आला. दुमदुमणं हा शब्द शोधायला मला अख्खी दुपार लागली होती.

भीती वस्तीवर आली ती आवाज न करता आली. तोवर बिबट्या म्हणजे तिकडे अकोले तालुक्यातल्या डोंगरात असतो, भंडारदऱ्याला सहलीला गेलेल्या मुलांनी गप्पांत सांगायचा, एवढंच आम्हाला माहीत. मग तात्यांचा कुत्रा ओट्यावरून गेला. साखळी तशीच खुंटीला होती. मग कालवड गेली. आणि एका संध्याकाळी आई परसात भांडी घासता घासता म्हणाली, ‘आत्ता या वक्ताला कोन लाकूड कापतंय?’ आम्ही सगळ्यांनी कान दिला. उसाच्या बाजूनं करवत चालवल्यासारखा आवाज येत होता. खर्र, खर्र, आणि मधे थांबून पुन्हा खर्र. दादा म्हणाले, सुतार असेल. वस्तीवर सुतार नव्हता. आईनं भांडी तशीच राखेत टाकली, मला दंडाला धरून आत ओढलं आणि कडी लावली. डरकाळी म्हणून मी लिहून ठेवलं होतं ते हे होतं, हे मला त्या रात्री कळलं. मी ती कविता चुलीत घातली आणि ती जळेपर्यंत तिथून उठले नाही.

त्यानंतर ऊसतोडीच्या एका बाईचं मूल खोपीच्या दारातून ओढलं गेलं. त्या बाईनं मुलाचा पाय सोडला नाही म्हणून ते वाचलं, पाठीवर टाके घेऊन. आता मात्र गाव हललं. जंगल खात्याचा पिंजरा आला. बैलगाडीएवढा लांब, लोखंडी गजांचा. बरोबर आलेला गार्ड समजावून सांगत होता आणि आम्ही पोरं लांबून बघत होतो. पिंजऱ्याला दोन कप्पे. मागचा लहान, जाळीनं वेगळा केलेला; त्यात शेळी बांधायची, तिला बाहेरून वेगळं दार. पुढचा कप्पा मोठा, त्याला वरून खाली पडणारं दार. आत जमिनीवर पत्रा. त्या पत्र्यावर पाय पडला की तार सुटते, दार पडतं, दोन्ही बाजूंचे खटके आपोआप बसतात. ‘आतून ब्रह्मदेव आला तरी उघडायचं न्हाई,’ गार्ड म्हणाला, ‘भायेरनं दोन गड्यांनी उचलायचं.’ शेळीला काही होत नाही, जाळी मधे असते, असंही तो दोन-दोनदा सांगत होता. तरीही कुणी शेळी द्यायला पुढे येईना. प्रत्येकाची शेळी गाभण तरी होती, आजारी तरी होती, किंवा बहिणीची होती.

तेव्हा दादा म्हणाले, ‘आमची घ्या. ती कुणाचीच नाही, देवाची आहे. देव सांभाळील.’

लोकांना ते फार आवडलं. तात्यांनी तर दादांच्या पायाला हात लावला. घरी आईनं ताट आपटलं. ‘देवाला दिल्यालं तुमी जनावराम्होरं बांधलं,’ ती म्हणाली. आपण केलं ते त्यागाचं काम आहे असं दादा समजावत होते, आणि आई म्हणत होती की दुसऱ्याची वस्तू देऊन त्याग होत नसतो. मला वाटतं आईचंच बरोबर होतं. पण दादांची चूकही आमच्याच घरात होऊ शकेल अशी होती. एखाद्या हिशेबी माणसाच्या डोक्यात देवाची शेळी आमिषाला बांधायचं आलंच नसतं. आईनं शपथ घेतली की ती त्या पिंजऱ्याकडे फिरकणार नाही. मग शेळीला संध्याकाळी चारा-पाणी करायचं काम माझ्याकडे आलं. बरोबर दादा किंवा आत्या असायची, आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं, असा नियम होता.

पिंजरा तात्यांच्या उसाच्या कडेला, कालव्याकडे जाणाऱ्या वाटेवर होता. घरापासून फार लांब नव्हता, पण उसामुळे घर दिसायचं नाही. ऊस दिवसभर सळसळत असतो, पण संध्याकाळी वारा पडला की गप्प होतो, आणि त्याचं ते गप्प होणं मला सहन व्हायचं नाही. दादा शेळीला घास घालताना मोठ्यानं गीत म्हणायचे. तो विश्वास होता की भीती, हे मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी दादा शाळेच्या कामानं राहुरीला गेले होते आणि आत्याची एसटी आली नव्हती. सूर्य अजून कासराभर वर होता. मी घासाची पेंढी आणि पाण्याची कळशी घेतली. आईला वाटलं मी रस्त्यावर आत्याला गाठून तिच्याबरोबर जाणार. मलाही तसंच वाटत होतं. पण रस्त्यावर आत्या नव्हती, ऊन होतं, आणि शेळी ओरडत होती. मी गेले. मागच्या दारातून घास टाकला, पाणी ओतलं. तेव्हा दिसलं की तिच्या गळ्यातली क्रूसाची पट्टी नाही. तिनं मान घासून घासून ती तोडली होती, आणि ती जाळीतून पलीकडे, मोठ्या कप्प्याच्या बाजूला लोंबत होती. मागून हात पोचेना. शेळीच्या गळ्यात ती पट्टी नसली तर ती देवाची राहणार नाही, म्हणजे देव सांभाळणार नाही, म्हणजे माझा टायफॉईडही पुन्हा उलटेल, असं सगळं माझ्या मनात एका दमात येऊन गेलं. पत्रा कुठं आहे ते मला ठाऊक होतं. मी वाकून आत गेले, पत्रा ओलांडला, पट्टी सोडवली. परत फिरताना आनंदात पायाकडे बघायचं राहिलं.

दार पडलं त्याचा आवाज मोठा होता, पण त्यानंतर दोन्ही खटके बसले तो आवाज मला जास्त आठवतो. बारीक, घरातल्या पेटीच्या कुलपासारखा. मी आधी हसले. मग दार उचलून बघितलं, मग खांदा लावून बघितलं, मग हाका मारल्या. कालव्याच्या पंपाचा आवाज चालू होता, त्यात माझी हाक कुठं जाणार. ऊन उसाच्या शेंड्यांवर गेलं आणि तिथूनही गेलं. पंप बंद झाला. आता हाक पोचली असती, पण आता मला हाक मारायची भीती वाटू लागली. कोण ऐकेल हे सांगता येत नव्हतं. मी डाव्या हाताच्या मागच्या कोपऱ्यात पाठ लावून बसले आणि एक गज धरला. शेळी घास खात होती. मग ती खायची थांबली.

शेळी थांबली यावरूनच मला कळलं. मला काही दिसलं नव्हतं, काही ऐकू आलं नव्हतं. ओल्या पोत्यासारखा उग्र वास आला आणि ऊस एका जागी थोडा हलला, बाकी सगळा उभाच्या उभा. मग ते माझ्या मागे होतं. मी मागे बघितलं नाही. पाठीला लागलेल्या गजांच्या मधून श्वासाची ऊब कळत होती. मला स्तोत्रं पाठ होती, शाळेच्या कविता पाठ होत्या, माझ्या स्वतःच्याही पाठ होत्या. त्यांतला एक शब्द आठवेना. देवाचं नावसुद्धा आठवलं नाही, हे मी दादांना कधी सांगितलं नाही. ते हळूहळू फिरून पुढे आलं आणि मला दिसलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा बुटकं होतं. त्यानं माझ्याकडे काही क्षण बघितलं, राग नव्हता, घाई नव्हती. मग पुढचा एक पाय उचलून त्यानं गजावर ठेवला, सहज, आपण भिंतीला हात लावतो तसा, आणि माझ्या हातातला गज हलला. त्यानं पाय ठेवला तो गज माझ्या हातापासून किती तरी लांब होता. सगळा पिंजराच हलला होता, जागेवरून थोडा सरकलाही, पण मला कळला तो माझ्या मुठीतला गज. त्या घडीला अख्ख्या वस्तीत माझ्याइतकं सुरक्षित कुणी नव्हतं, आणि माझ्याइतकं भ्यालेलंही कुणी नव्हतं.

आत्या एसटीतून उतरून घरी एकटीच आली, तेव्हा आईच्या लक्षात आलं. मग रुळाचा तुकडा बडवला गेला, डबे वाजले, आणि तात्यांचा ट्रॅक्टर दिवे लावून वाटेला लागला. तो उजेड येण्याआधीच ते निघून गेलं होतं. कधी गेलं ते मला कळलं नाही. पिंजऱ्याकडे कधीही न येण्याची शपथ घेतलेली आई सगळ्यांच्या पुढे अनवाणी धावत होती. तात्या आणि आत्या यांनी दार उचललं. मी गज सोडेना. आईनं माझं एकेक बोट उकलून काढलं. दुसऱ्या मुठीत क्रूसाची पट्टी होती, ती मात्र तिनं तशीच राहू दिली.

घरी तिनं ऊन पाण्यानं माझे पाय धुतले आणि हुलग्याचं गरम माडगं पाजलं. रागावली नाही. दादा उशिरा आले, सगळं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. सकाळी शेळी सोडवून आणतो म्हणाले. पण सकाळी गार्ड आणि अर्धा गाव दारात होता. जनावर पिंजऱ्यापर्यंत आलंय, आता धरलं जाईल, आता शेळी काढू नका. दादा नाही म्हणू शकले नाहीत. आईनं पट्टी पुन्हा शिवून शेळीच्या गळ्यात बांधली, स्वतः जाऊन.

माझं मात्र बिनसलं होतं. दार बंद केलं की मला तो खटक्याचा आवाज ऐकू यायचा आणि मी उठून बसायची. दार उघडं ठेवलं की वास यायचा. आई रोज रात्री कडीला हात लावून विचारायची, ‘एस्ते, लावू का उघडं ठिवू?’ मला उत्तर देता यायचं नाही. काय झालं, ते कसं होतं, तुला काय वाटतंय, हे तिनं किती प्रकारांनी विचारलं. मी तोंड उघडायची आणि मिटायची. आई वैतागून म्हणायची, ‘आगं, कायतरी एक सांग.’ पुढं पुढं ती रडायलाच लागली. ही पोर टायफॉईडमधून वाचली ती आता अशी जाणार, असं तिनं आत्याला सांगितलेलं मी ऐकलं, आणि मलाही ते खरं वाटत होतं.

त्याच आठवड्यात ते पिंजऱ्यात सापडलं. पहाटे आवाज झाला आणि उजाडेपर्यंत तिथं जत्रा जमली होती. दादांनी मला नको म्हटलं तरी मी गेले. माणसं ओरडत होती, कुणी उसाचं कांडकं गजातून आत खुपसत होतं, एक जण शिव्या देत होता. ते मधेच उसळून गजांवर आदळायचं आणि सगळी गर्दी एकदम मागे जायची, एकमेकांच्या पायांवर पाय देत, आणि मग हसायची. त्याच्या कपाळाची कातडी गजांनी सोलली होती. मग ते मागे सरकलं आणि बसलं. डाव्या हाताच्या मागच्या कोपऱ्यात, पाठ लावून, मी बसले होते तिथंच. त्या कोपऱ्यातला एक गज जरा वाकडा आहे आणि तो पाठीत रुततो, हे त्या गर्दीत आम्हा दोघांनाच माहीत होतं. मला त्याची दया आली आणि मला त्याची भीती वाटली. दोन्ही एकाच वेळी, आणि एकानं दुसरं कमी होत नव्हतं. गर्दी पांगल्यावर, जंगल खात्याची गाडी यायच्या आधी, मी बाहेरून एका गजाला बोट लावलं. ते नुसतं बसून श्वास घेत होतं. गज थरथरत होता.

हल्ली आमच्या भागात हे रोजचं झालंय. मी शिकवते त्या वर्गातली मुलं मोबाईलवर पिंजऱ्यातला बिबट्या दाखवतात, अंगठ्यानं तो मोठा करतात, दात मोजतात आणि पुढच्या गमतीकडे जातात. मी त्यांना ओरडत नाही. सगळं दिसत असलं की भ्यायचं काही उरत नाही, त्याला पोरं काय करणार. मी त्यांना सांगते, पिंजऱ्यातल्या जनावरावर कविता करायची असेल तर जनावर लिहू नका, गज लिहा. त्यांना ते पटत नाही. त्यांच्या वयात मलाही पटलं नसतं.

त्या वर्षीच्या कापणीच्या सणाला दादांना आभाराची कविता हवी होती. देवानं वस्तीला जनावराच्या तोंडातून सोडवलं, शेळी परत दिली, मुलगी परत दिली; तेव्हा एस्तेरनं चार ओळी लिहून वाचाव्यात. मी बोलत नव्हते म्हणूनच त्यांना ते हवं होतं, हे आता कळतं. आत्यानं विषय काढला तेव्हा मी नाही म्हणून मान हलवली. ती म्हणाली, ‘आभार राहू दे. तुला आईला सांगता येत नाही ना? मग तिला आत ने.’ मी लिहिलं. तीन ठिकाणी ‘बिबट्या’ असं आलं होतं, ते आत्यानं खोडलं. बाकी पहिल्यांदाच तिनं पेन्सिल लावली नाही.

चर्च भरलं होतं. पुढे कणसं, भोपळे, टोपलीतल्या कोंबड्या, आणि खांबाला बांधलेली आमची शेळी, पट्टीसकट. आई बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत होती. तात्या दाराजवळच्या बाकावर डुलत होते. भर दुपार होती, दारातून ऊन आत आलं होतं. मी वाचलं:

या, आत या.
वाकून या, दार बुटकं आहे.
डावा पाय जपून टाका,
पत्र्यावर पडला की संपलं.

पडलं.
आता हाका मारू नका.
बाहेर कोण आहे विचारू नका,
या वेळी आपण नाव घेत नाही.
फक्त मुठीतल्या गजाकडे बघा.
तुम्ही हलवला नाही,
तरी तो हलतोय.

आता तुम्ही बाहेर, ते आत.
तोच कोपरा, तोच गज.
काठ्या आहेत, माणसं आहेत, ऊन वर आलं आहे.
मग गजावर हात ठेवून बघा.
तुम्ही हलवला नाही,
तरी तो हलतोय.

संपलं आहे हे लोकांना कळलं नाही. आमेनही कुणी म्हणालं नाही. दादा बायबल हातात धरून उभे होते, आभाराची प्रार्थना सुरू करायची होती त्यांना, पण ते करेनात. कोंबड्या गप्प होत्या. मग मला दिसलं की पुढच्या बाकावरच्या बायका हळूच मान वळवून दाराकडे बघतायत, आणि त्यांच्या मागचे बघतायत, आणि मुलं आयांच्या पदरात शिरतायत. त्या लखलखीत दुपारी अख्खी मंडळी दाराकडे बघत होती. ज्या माणसांनी त्याला काठ्या खुपसल्या होत्या तीही बघत होती. एक माणूस आपला रिकामा तळवा उघडून बघत होता. सावळेराम तात्या उठून उभे राहिले. टोपी खाली पडली ती त्यांनी उचलली नाही. त्यांनी दाराच्या कडीवर हात ठेवला, बाहेर उसाकडे बघितलं, मग आत आमच्याकडे बघितलं, आणि भर उपासनेत मोठ्यानं विचारलं, ‘गुरुजी, दार लावू का उघडं ठिवू?’

कुणी हसलं नाही. मला त्या प्रश्नानं एकदम रडू आलं, कारण आता तो सगळ्यांनाच पडला होता.

आई उठली. चार माणसांत ती कधी बोलायची नाही, चर्चमध्ये तर नाहीच. ती पुढे आली, माझी गार पडलेली मूठ तिनं आपल्या हातात घेतली, आणि माझ्याकडेच बघत तात्यांना म्हणाली, ‘उघडं ठिवा, तात्या. पन तुमी तितंच उबं ऱ्हावा.’